हार्टवाल्यांचा कट्टा

अँजिओप्लास्टी झाली, डिस्चार्ज मिळाला, जाडजूड फाइल हातात आली. पण घरी आल्यावर रात्री अडीच वाजता जो प्रश्न पडतो, तो विचारायचा कुणाला? नाशिकमध्ये हृदयरुग्णांचा स्वतःचा ग्रुप उभा करायचा असेल, तर त्यासाठी काय काय लागेल याची ही आगाऊ कुंडली!

‘हार्ट अटॅक? तो रिटायर झालेल्या काकांना येतो यार!’ कॉलेज रोडवर कॉफी पिताना असं कुणी म्हणालं, तर त्याला एक आकडा ऐकवा. ‘इंटरहार्ट’ नावाचा ५२ देशांतला भलामोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली आपल्या भागाची माहिती वेगळी काढून २००७ मध्ये जे मांडलं गेलं, ते असं : दक्षिण आशियातल्या माणसांमध्ये पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३, तर बाकीच्या जगात जवळपास ५९. म्हणजे आपण सहा वर्षं पुढे! आणि ५३ ही सरासरी झाली. बऱ्याच लोकांना त्याच्याही आधी गाठलेलं असतं. त्यात चाळिशीच्या आतलेही असतात. ईएमआय चालू असलेले, मुलगी सीनियर केजीत असलेले.

समजा, असाच एक जण. वय ३६, सातपूरच्या कंपनीत नोकरी, घर इंदिरानगरला. छातीत दुखलं, ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून दोन तास घालवले, मग अ‍ॅडमिट, मग स्टेंट. चौथ्या-पाचव्या दिवशी घरी. पहिला आठवडा पाहुण्यांचा. नारळपाणी, सफरचंदं आणि ‘तुला कसं काय झालं रे, तू तर बारीक आहेस!’ दुसऱ्या आठवड्यात सगळे आपापल्या कामाला लागतात. आणि तेव्हा खरी गंमत सुरू होते. डाव्या खांद्यात कळ आली, तर ती उशीमुळे की पुन्हा तेच? जिना चढल्यावर धडधडतंय, हे नॉर्मल का? बायकोला उठवावं का? उठवलं तर ती घाबरेल, नाही उठवलं आणि काही झालं तर?

डॉक्टरांकडे उत्तरं असतात. पण ओपीडीत बाहेर चाळीस जण बसलेले असतात, आणि आत गेल्यावर नेमका तोच प्रश्न तोंडातून बाहेर पडत नाही. नातेवाइकांकडेही उत्तरं असतात, जरा जास्तच असतात. नसतो तो एकच माणूस : ‘मलाही असंच व्हायचं, तीन महिन्यांनी कमी झालं’ असं सांगणारा.

बोस्टनचे चौघे

हा माणूस मुद्दाम शोधून आणावा, ही आयडिया पंचाहत्तर वर्षं जुनी आहे. डॉ. ड्वाइट हार्केन हे अमेरिकन सर्जन दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लष्करी हॉस्पिटलात होते. तिथे त्यांनी सव्वाशेहून अधिक सैनिकांच्या हृदयातून आणि हृदयाशेजारून गोळ्या आणि बॉम्बचे तुकडे काढले, आणि त्यातला एकही सैनिक दगावला नाही. तोपर्यंत हृदयाला हात लावायचा नाही, असाच समज होता. युद्धानंतर बोस्टनला परतल्यावर ते आखडलेल्या मायट्रल व्हॉल्व्हकडे वळले. तेव्हा हार्ट-लंग मशीन नव्हतं. धडधडत्या हृदयात बोट घालून चिकटलेला व्हॉल्व्ह मोकळा करायचा! सुरुवातीचे बरेच पेशंट गेले. जे वाचले, त्यांच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्यांना कळेना की या माणसाशी आता वागायचं कसं. हात लावला तर फुटेल की काय, असं सगळे बघायचे.

अशा चार पेशंट्सना घेऊन १९५१ मध्ये हार्केन यांनी एक ग्रुप सुरू केला. नाव ‘मेंडेड हार्ट्‌स’, म्हणजे सांधलेली हृदयं. काम साधं. ज्याचं ऑपरेशन झालंय, त्याने ज्याचं व्हायचंय त्याच्या कॉटपाशी जाऊन बसायचं. सल्ला द्यायचा नाही, औषधाबद्दल बोलायचं नाही. आपण स्वतःच्या पायांवर चालत आलोय, एवढं त्याला दिसू द्यायचं. हा ग्रुप आजही चालू आहे. पेशंटला भेटायला जाणाऱ्यांना तिथे आधी रीतसर ट्रेनिंग मिळतं, आणि वैद्यकीय सल्ला द्यायचा नाही हा नियम अजून तसाच आहे. जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी २००४ पासून त्यांची वेगळी शाखाही आहे.

आपल्याकडे हे काही परकं नाही, बरं का. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. किती छान शब्द! ‘पेशंट’ म्हटलं की माणूस आडवा दिसतो, ‘शुभार्थी’ म्हटलं की निदान बसलेला तरी दिसतो. पुण्यातच १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने तर व्यसनी माणसाच्या बायकोलाही गटाची गरज असते, हे फार आधी ओळखलं. आणि नाशिकबद्दल काय सांगायचं? पंचवटी एक्स्प्रेसमधल्या पासवाल्यांपासून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या सकाळच्या टोळक्यापर्यंत, चार माणसं रोज एकमेकांना दिसली की ग्रुप झालाच म्हणून समजा. फक्त हृदय या विषयावर आपण गप्प बसतो.

जे ओपीडीत विचारलं जात नाही

असा ग्रुप जमला की लोक काय बोलतात? डाएट, कोलेस्टेरॉल हे पहिल्या दोन बैठकांत संपतं. मग खरे विषय निघतात.

पहिला अर्थातच सेक्स. तिशी-पस्तिशीतल्या जोडप्यासाठी हा मोठाच प्रश्न, आणि विचारायची दोघांनाही लाज. २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने यावर चक्क एक सविस्तर निवेदन काढलं. त्याचा साध्या भाषेतला अर्थ असा की झपाझप चालताना किंवा दोन मजले जिना चढताना छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर बहुतेकांना हरकत नसते. एक गोष्ट मात्र अगदी पक्की. नायट्रेटची गोळी चालू असेल किंवा जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असेल, तर ‘ती’ निळी गोळी अजिबात नाही. दोन्हींमुळे बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. हे कुणी मोठ्याने सांगत नाही, म्हणून इथे छापतोय.

दुसरा विषय गोळ्यांचा कंटाळा. स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात, अटॅक आलेल्यांना साधारण वर्षभर. सहाव्या महिन्यात माणूस एकदम फिट असतो आणि मनात येतं, ‘आता कशाला?’ किंवा रूट कॅनलच्या आधी परस्पर कुणाच्या तरी सांगण्यावरून बंद केल्या जातात. स्टेंटमध्ये अचानक गुठळी होण्याचं हे एक ठळक कारण. डॉक्टरांनी बजावलेलं असतंच. पण समोरच्या खुर्चीतला माणूस ‘मी बंद केली होती, पुन्हा आयसीयूत गेलो’ म्हणाला, की ते वेगळ्याच ठिकाणी पोचतं.

तिसरा विषय व्हॉल्व्हवाल्यांचा. हे लोक अटॅकवाल्यांपेक्षा वयाने लहान असतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लक्ष जातं. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, त्यातून संधिवाताचा ताप आला आणि व्हॉल्व्ह खराब झाला. भारतात ही कहाणी अजून संपलेली नाही. विशी-तिशीत धातूचा व्हॉल्व्ह बसतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेला ‘चित्रा’ व्हॉल्व्ह १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवला गेला, तेव्हापासून देशी व्हॉल्व्हही मिळतोय. खोलीत शांतता असली की त्याची टिकटिक ऐकू येते. नव्या नवरीला, रूममेटला, परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारी बसलेल्याला! शिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि ती नीट चालतेय का हे पाहायला ‘आयएनआर’ची टेस्ट पुन्हा पुन्हा. मग घरात मेथी बंद, पालक बंद, कोथिंबीरसुद्धा वेचून काढायची. खरं तर गरज बंद करण्याची नसते, प्रमाण सारखं ठेवण्याची असते. एका आठवड्यात रोज पालेभाजी आणि पुढच्या आठवड्यात एकदाही नाही, असं झालं की आकडा उड्या मारतो. मुलींसाठी अजून एक गोष्ट आहे. यातली काही औषधं गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाला बाधू शकतात, त्यामुळे दिवस जायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं. आणि लग्न ठरवताना छातीवरच्या उभ्या व्रणाबद्दल सांगायचं की लपवायचं, यावर प्रत्येक घरात वेगळी भांडणं असतात. व्रण असलेली, लग्न झालेली, मूल झालेली एक ताई समोर बसली असेल, तर त्या भांडणाला निदान एक साक्षीदार मिळतो.

बाकी मग खास नाशिकचे प्रश्न. ‘रेड वाइन हार्टला चांगली असते ना?’ वाइन कॅपिटलमध्ये राहून हा प्रश्न येणारच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं असं कुठलंच प्रमाण नाही जे पूर्ण सुरक्षित म्हणता येईल. सॉरी! ‘पांडवलेणी चढू का?’ स्ट्रेस टेस्ट करून डॉक्टरांना विचारून, आणि पहिल्यांदा एकट्याने नाही. ‘मिसळ?’ तर्री कमी घेतली तरी शेव-फरसाण आणि मीठ उरतंच की. रोजची नको, एवढंच.

मग सुरुवात कशी?

तीन माणसं पुरतात. एक अटॅकवाला, एक बायपासवाला, एक व्हॉल्व्हवाली. नाव, लोगो, लेटरहेड यांच्या मागे लागू नका. आपल्याकडे संस्थेचं नाव ठरवण्यातच दोन मीटिंगा जातात आणि अध्यक्ष कोण यावर तिसरी मोडते. रजिस्ट्रेशन नंतर करता येतं. सोसायटी म्हणून नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात आणि काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतं. पैसे गोळा करायची वेळ येईपर्यंत त्याची घाई नको. आणि पैसे शक्यतो गोळाच करू नका. चहाचा खर्च आळीपाळीने!

माणसं कुठून आणायची? हॉस्पिटल तुम्हाला पेशंट्सचे नंबर देणार नाही, आणि देऊही नये. उलटं करायचं. एक साधं कार्ड छापायचं, त्यावर ग्रुपचा दिवस, वेळ आणि एक फोन नंबर. डॉक्टरांना विनंती करायची, की डिस्चार्जच्या फाइलमध्ये हे ठेवाल का? ज्याला वाटेल तो फोन करेल. शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयरोगाचा विभाग आहे, तिथे गावोगावचे पेशंट येतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण असे ग्रुप पटकन गंगापूर रोड-कॉलेज रोडचे होऊन बसतात. पेठ-सुरगाण्याहून एसटीने आलेल्या बाईला इंग्रजी पॉवरपॉइंटचा उपयोग शून्य. तिला हवं असतं ते वेगळंच : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, कागद कुठले, आरोग्यमित्र कुठे भेटतो. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. त्यातून ज्याची बायपास झालीय, तो माणूस कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा भारी असतो.

नोकरदारांसाठी अशीच एक कामाची गोष्ट. आजार आधीपासून असेल तर हेल्थ इन्शुरन्समध्ये त्यासाठी थांबायचा काळ २०२४ च्या नियमांनी जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला. पॉलिसी घेताना स्टेंट लपवला तर क्लेमच्या वेळी तो बाहेर येतोच. एचआरला किती सांगायचं, नाइट शिफ्ट बदलून कशी मागायची, यावर दोन अनुभवी माणसं जेवढं सांगतील, तेवढं कुठेच लिहिलेलं नाही.

जागा हॉस्पिटलच्या बाहेरची घ्या, हे माझं अगदी ठाम मत. हॉस्पिटलचा हॉल फुकट मिळतो, एसी असतो, पण सहा महिन्यांत तिथे हेल्थ चेकअप पॅकेजचं बॅनर लागतं. वाचनालयाची खोली, सोसायटीचं क्लब हाउस, देवळाचा सभामंडप, काहीही चालेल. फक्त लिफ्ट तरी हवी नाहीतर तळमजला. हसू नका, हे विसरलं जातं. डॉक्टर हवेतच, पण पाहुणे म्हणून, दोन-तीन महिन्यांतून एकदा. अध्यक्षस्थानी डॉक्टर बसले की सगळे पुन्हा पेशंट होतात आणि ‘होय डॉक्टर’ म्हणू लागतात. औषध कंपनीची स्पॉन्सरशिप? नको म्हणा आणि चिवडा घरून आणा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर होणारच. त्याला अ‍ॅडमिन खडूस हवा. ‘अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो साफ चुकीचा आहे. तेव्हा खोकायचं नाही, मदत मागवायची. तसंच दुधी भोपळ्याच्या रसाचं. २०१० मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला, आणि नंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने कडू लागणारा रस पिऊ नका म्हणून बजावलं. नियम एकच ठेवा : औषध चालू करा, बंद करा, बदला, असं कुणी कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की अ‍ॅडमिनने मेसेज काढायचा, मग तो मेसेज कितीही ज्येष्ठ काकांचा असो.

ग्रुप म्हणजे गोळी नव्हे

एक गोष्ट खरीखरी सांगायला हवी. ग्रुपने आयुष्य वाढतं, असं कुणी सांगत असेल तर सावध राहा. अटॅकनंतर येणारं डिप्रेशन हा गंभीर प्रकार आहे. मॉन्ट्रियलमधल्या २२२ पेशंट्सच्या १९९३ च्या अभ्यासात दिसलं, की अटॅकनंतर ज्यांना मोठं डिप्रेशन आलं, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांतले मृत्यू बरेच जास्त होते. मग डिप्रेशनवर उपचार केले, एकटेपणा कमी केला, तर माणसं वाचतील का? अमेरिकेत जवळजवळ अडीच हजार पेशंट्सवर हे करून पाहिलं. निकाल २००३ मध्ये आला. मनःस्थिती सुधारली, आधारही वाढला, पण मृत्यू आणि दुसरे अटॅक कमी झाले नाहीत. देखरेखीखालचा व्यायाम आणि रिहॅब यांचा मात्र फायदा दिसतो. हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा अ‍ॅडमिट होणं, दोन्ही कमी होतं. म्हणून ग्रुपने गप्पांबरोबर चालायलाही जावं. गोदाकाठ आहेच की! आणि कुणी महिनाभर झोपत नसेल, बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही म्हणत असेल, तर त्याला ग्रुपच्या भरवशावर ठेवू नका, डॉक्टरांकडे न्या.

मग ग्रुप कशाला, असं विचाराल. बरं वाटणं ही काही छोटी गोष्ट आहे का?

आता तो विषय, जो कुणालाच नको असतो. हृदयरुग्णांच्या ग्रुपमध्ये कधी ना कधी कुणीतरी जाणार. सकाळी मेसेज येतो, आणि चाळीस माणसं एकाच वेळी स्वतःच्या छातीवर हात ठेवतात. पुढच्या मीटिंगला अर्धे येत नाहीत. बरेच ग्रुप इथेच बसतात. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांतच हे बोलून ठेवलेलं बरं : घरी कोण जाणार, पुढची मीटिंग रद्द करायची नाही, आणि त्यात आधी त्याच्याविषयी बोलायचं. गेलेल्याच्या बायकोला ग्रुपमधून काढायचं नाही. ती अजून ‘शुभंकर’ आहेच.

या शुभंकरांसाठी महिन्यातून एक बैठक वेगळी असावी, पेशंटशिवाय. ‘हे सिगारेट ओढतात अजून, मला वास येतो’ हे ती नवऱ्यासमोर बोलणार नाही. सासूबाई तूप वाढतात, हेही नाही. आणि त्याच बैठकीत एकदा सीपीआर शिकून घ्यायचा, कारण हृदय बंद पडतं तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो, बायको असते, आई असते, नाहीतर दहावीतला मुलगा. माणूस हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही, तर आधी १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा २०१४ पासून आहे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खाली. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर दाबून बघावं लागतं, आणि दोन मिनिटांत हात भरून येतात. तेव्हा कळतं की दुसरा माणूस लागतो.

पहिल्या मीटिंगसाठी रविवारची सकाळ ठेवा, साडेसातची. उन्हाळ्यात साडेसहा. चहा बिनसाखरेचा एक थर्मास, साखरेचा एक, कारण सोबत आलेल्यांनी काय पाप केलंय? खुर्च्या गोलात लावा. पहिल्या दिवशी बहुतेक पाच जण येतील, त्यातले दोघे फक्त बघायला. एक काका स्वतःच्या बायपासची गोष्ट चाळीस मिनिटं सांगतील. त्यांना सांगू द्या. दारापाशी जो उभा असेल, चप्पल न काढता, त्याला ‘कधी झाली?’ एवढंच विचारा आणि खुर्ची पुढे करा.